गाडी गारच न्यायची

ईश्वरप्पांनी चाळीस वर्षं अंबाजोगाईत भांडी विकली. गिऱ्हाईकानं पातेलं उचललं की त्याच्याआधी अप्पाच त्यावर टिचकी मारायचे आणि कान तिरपा करून ऐकायचे. खणखणीत वाजलं तर गिऱ्हाईकाच्या हवाली. जरा बद्द वाजलं तर "हे नका नेऊ, ह्याच्यात खोट हाय," म्हणून परत फळीवर. अशा नापास पातेल्यांची फळीवर दाटी झाली की ती घरी यायची, आणि त्यांच्या बायकोचा, महानंदाबाईंचा, निम्मा स्वयंपाक त्यांतच शिजायचा. तर अशा माणसानं माजलगावच्या व्याह्यांपुढं, चार पाव्हण्यांच्या देखत, "गाडीत काही खोट न्हाई," असा शब्द दिला. आणि त्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी साडेसहाला, तीच गाडी थरथर कापायला लागली.

शब्द द्यायचं कारण असं, की अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी चालवू नये यावर घरादाराचं एकमत झालं होतं. गाडी बारा वर्षांची, पण अप्पांनी ती दुकानातल्या पितळेसारखी जपलेली. ती माजलगावला लेकीकडे, स्वप्नालीकडे द्यायची असं ठरलं. तिची आरोही आता शाळेत जायला लागली होती. शाळा सकाळी सातची, आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा. कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकीमागं एक येतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढचं काही ऐकू येऊ नये एवढ्या आवाजात टेप लावलेला असतो. व्याही केदारनाथ स्वतः येऊन गाडी नेणार होते. मुहूर्त येत्या सोमवारचा, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांचा. म्हणजे गाडी कापायला लागली तेव्हा अप्पांच्या हातात सात दिवस होते.

पहिल्या दिवशी, सोमवारी, झालं ते असं. अप्पांनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि लागल्या लागल्या त्याला हुडहुडी भरली. स्टिअरिंग हातात थरथरलं. डॅशबोर्डवरचा पितळी नंदी टकटक करत पुढं सरकला आणि पायाशी पडला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर जाई, खाली येई, जणू त्यालाच ठरवता येईना. गिअर टाकला तर गाडी घुर्रर्र करून बंदच पडली. अप्पांनी पुन्हा लावली, घड्याळ लावून बसले. सातव्या मिनिटाला एकाएकी सगळं शांत झालं, आणि इंजिन इतकं मऊ चालायला लागलं की ते चालू आहे ना, हे बघायला अप्पांना खाली उतरावं लागलं.

नेमक्या आठव्या मिनिटाला महानंदाबाई बाहेर आल्या.

"कुठं कापतीया?" त्या म्हणाल्या. "मला तर काही दिसंना."

"आत्ता कापत होती. सात मिनिटं."

"तुमचेच हात कापले असतील. आवं, द्यायचं मन न्हाई तर तसं सरळ सांगा की. गाडीवर कावून ढकलायलाव?"

हा आरोप अप्पांना फार लागला. लागला याचं कारण, त्यांना खरंच गाडी द्यावीशी वाटत नव्हती; पण म्हणून काय गाडी कापत नव्हती? मनात एक असलं तरी इंजिनात दुसरं असू शकतं, एवढी साधी गोष्ट बायकोला कशी पटवायची, हे त्यांना कळेना.

शेजारी धोंडीराम राहतो. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होता आणि आता निवृत्त आहे. निदान महामंडळाच्या कागदावर तरी. गल्लीत कुणाची मोटारसायकल खोकली तरी धोंडीराम जेवण सोडून बाहेर येतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं.

"अप्पा, ऐर धरली."

"पण ऐर डिझेलच्या गाडीला धरती ना? ही पेट्रोलची हाय."

"मंग? पेट्रोलच्या गाडीला हवा लागत न्हाई का?"

समोरच्या मुक्ताबाईंनी मात्र प्रश्न फार साध्या पद्धतीनं सोडवला. त्या घरातून एक जाड वाकळ घेऊन आल्या आणि त्यांनी ती बॉनेटवर पांघरली. "माणसाला थंडी वाजती तर लोखंडाला कावून वाजणार न्हाई?" असं म्हणून त्यांनी वाकळीचं एक टोक हेडलाइटखाली नीट खोचलंसुद्धा. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की अप्पांच्या गाडीला थंडी वाजते. दुसऱ्या दिवशी बाजारात एका जुन्या गिऱ्हाईकानं तिला स्वेटर विणायचा सल्ला दिला. अप्पा हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू त्यांना पुरलं नाही.

मंगळवारी ते गाडी घेऊन हनुमानच्या गॅरेजवर गेले. हनुमान हा गावातला सगळ्यात हुशार मेकॅनिक. गॅरेज बायपासला, घरापासून दोन किलोमीटर, आणि उघडतं दहाला. दोन किलोमीटर चालून गाडी तिथं पोचली तेव्हा अर्थातच तापलेली होती आणि शहाण्यासारखी वागत होती. हनुमाननं कान लावला. "अप्पा, ह्या गाडीची आरती करायला पाहिजे. काय इंजिन हाय!"

"गार असताना कापती."

"मंग गार असताना आणा."

"गार आणायची म्हणजे चालू करून आणावी लागती."

"मंग करा की चालू."

"चालू केली की गरम होती."

यावर हनुमाननं बॉनेट उघडलं आणि परत बंद केलं. शेवटी अप्पा म्हणाले, "तूच सकाळी सहाला घरी ये."

"सहाला? अप्पा, सहाला मी मलाच सापडत न्हाई," हनुमान म्हणाला. हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की अप्पांना आग्रह करवेना. "असं करा, मोबाईलवर आवाज घ्या आणि मला पाठवा. रोग दिसला न्हाई तर औषध कशाचं देऊ?"

बुधवारी सकाळी अप्पांनी बॉनेट उघडून, मोबाईल इंजिनाजवळ धरून, सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. हात भरून आला, कानटोपी डोळ्यांवर आली, पण ते हलले नाहीत. दहा वाजता हनुमाननं ते ऐकलं आणि फोन केला.

"अप्पा, पहिल्यांदा भारी घरघर येतीया. पण मला हा मिक्सर वाटतो."

महानंदाबाई त्या वेळी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट करत होत्या, हे खरं होतं.

"मंग पुढं ती कापती ना? टकटक टकटक?"

"ती व्हय. ते कुणीतरी भांडे घासायलंय."

भांडी विकून म्हातारं झालेल्या माणसाला भांड्याचा आवाज ओळखून दाखवावा, यापरता अपमान नाही. अप्पांनी फोन ठेवला. मग स्वतः ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनाही मिक्सरच ऐकू आला, आणि ते घाबरले. चाळीस वर्षं ज्या कानावर दुकान चाललं तोच कान फितूर झाला, तर माणसानं भरवसा ठेवायचा कशावर?

त्याच संध्याकाळी त्यांनी जालीम उपाय केला. गाडी हनुमानच्या शेडमध्ये मुक्कामाला ठेवली. रात्रभर गार होईल, आणि गुरुवारी दहाला अप्पांच्या समोर हनुमान स्वतः किल्ली फिरवेल, असा बेत ठरला. हनुमाननं छातीवर हात ठेवून सांगितलं, की तोवर गाडीला कुणी बोट लावणार नाही. गुरुवारी अप्पा पावणेदहालाच हजर झाले. शेडमध्ये गाडी नव्हती. दहा मिनिटांनी ती रस्त्यानं येताना दिसली. हनुमान चालवत होता आणि काच खाली करून हसत होता.

"लई मस्त गाडी हाय, अप्पा! पोरांची रिक्षा आली न्हाई, म्हणलं सोडून यावं शाळेत. लोण्यावानी चालती."

"अरे, पण चालू केली तवा कापली का?"

हनुमानचा चेहरा पडला. त्यानं मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "अप्पा, खोटं कशाला बोलू? मागं दोघंबी खिडकीवरून मारामारी करायलते. ध्यानच न्हाई राहिलं."

म्हणजे गाडी कापली तेव्हा गावातला सगळ्यात हुशार मेकॅनिक त्या गाडीत प्रत्यक्ष बसलेला होता आणि तरीही साक्षीदार मिळाला नाही. अप्पा तिथल्या टायरवर बसले आणि त्यांनी चहा घेतला. दुसरं काही करण्यासारखं त्यांना दिसेना.

शुक्रवार कागदपत्रांचा निघाला. गाडी लेकीच्या नावावर करायची तर पीयूसीचा ताजा दाखला हवा. घराच्या कोपऱ्यावरच, पेट्रोल पंपाजवळ, धूर तपासणारी व्हॅन उभी असते. अप्पा सकाळीच दोनशे पावलं गाडी नेऊन तिथं उभे राहिले. व्हॅनमधल्या माणसानं नळी लावली, पडद्याकडे बघितलं आणि नळी काढली.

"न्हाई जमत. गाडी गार हाय."

पाच दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी अप्पांच्या बाजूनं बोललं होतं. त्यांनी खिडकीतून हात घालून त्या माणसाचा हात धरला. "तुमाला दिसलं ना? कापतीया ना?"

"मला काय दिसतंय? मशीनला दिसतं. मशीन म्हणती, गार हाय, गरम करून आणा."

"हेच लिहून द्या. गार असताना नीट चालत न्हाई, एवढंच."

तो माणूस पडद्यावर वर गेला, खाली आला. मग सहानुभूतीनं म्हणाला, "लिहायला रकानाच न्हाई, काका. पास न्हाईतर नापास. आन् नापास करायचं म्हणलं तरी गाडी गरम पाहिजे."

म्हणजे हनुमानला गाडी गार हवी आणि सरकारला गरम. अप्पा बायपासपर्यंत जाऊन फिरून आले. गाडी अर्थातच पास झाली, आणि नुसती पास नाही तर व्हॅनवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्या गाड्यांना लाजवेल अशी. महानंदाबाईंनी तो दाखला कॅलेंडरच्या खिळ्याला लावला. "बघा, सरकारचा शिक्का हाय. आता तरी पोरीच्या गाडीला नावं ठेवू नका," त्या म्हणाल्या. "पोरीची गाडी" हे शब्द अप्पांच्या कानात राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढं सकाळची सातची वेळ आली. मागच्या सीटवर आरोही, पुढं स्वप्नाली, गाडी ऐन रस्त्याच्या मध्यावर घुर्रर्र करून बंद पडलेली आणि डावीकडून येणारी ट्रॉली. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. युक्ती इतकी सरळ होती की आधी कशी सुचली नाही याचंच नवल वाटावं. गाडी चालू न करता हनुमानकडे न्यायची. ढकलत.

शनिवारी साडेआठला सगळे जमले. ढकलायला सकाळी फिरायला जाणारं ज्येष्ठांचं मंडळ आलं होतं. पाच जण, सगळे कानटोप्या घातलेले, सरासरी वय अडुसष्ट. उत्साह दांडगा होता, फक्त दर शंभर पावलांवर एकाला दम लागत होता, आणि तो थांबला की बाकीचे त्याला सल्ले द्यायला थांबत. स्टिअरिंगवर धोंडीरामला बसवलं होतं. अप्पांनी त्याला तीन वेळा बजावलं. "किल्ली फक्त स्टिअरिंग सुटण्यापुरती फिरवायची. इंजिन लावायचं न्हाई. काही झालं तरी लावायचं न्हाई."

"अप्पा, मला शिकवताव का? एकतीस वर्षं—"

"म्हणूनच सांगायलाव."

घरापासून चौकापर्यंतचा रस्ता बरा गेला. पुढं मात्र शनिवारच्या गर्दीत शिरल्यावर गावाला कळेना, हे काय चाललं आहे. गाडी बंद पडलेली दिसली की आपल्याकडे माणूस हातातलं काम टाकून धक्का द्यायला येतो. हा या भागाचा फार चांगला गुण आहे, आणि त्या दिवशी अप्पांचा त्यानंच घात केला.

"बंद पडली का?" पहिल्यानं विचारलं.

"न्हाई, चांगली हाय."

"मंग ढकलायलाव कावून?"

"गार राहावी म्हणून."

तो माणूस अप्पांकडे बघत राहिला, मग गाडीकडे, मग परत अप्पांकडे. आणि त्यानं मागं हात लावला. असं दर पन्नास पावलांवर होत गेलं. दुसऱ्याला अप्पांनी जरा विस्तारानं सांगितलं, तिसऱ्याला थोडक्यात, आणि सहाव्यापासून सांगणंच सोडून दिलं. बायपासच्या उतारापाशी एक जीप थांबली आणि तिच्यातून बाजाराला निघालेले आठ-नऊ गडी धडाधड उतरले. "सरा म्हातारे हो, सरा बाजूला! ए, लाव बे हात!" असं म्हणून त्यांनी ज्येष्ठांच्या मंडळाला अलगद उचलून कडेला ठेवलं आणि गाडीला असा रेटा दिला की अप्पांच्या हातातून ती सुटलीच.

गाडी उताराला लागली. वेग आला. मागून आरोळी उठली, "घाल दुसऱ्यात! सोड क्लच!" आणि धोंडीरामच्या एकतीस वर्षांच्या पायानं डोक्याला न विचारता आपलं काम केलं. एक झटका बसला, धुराचा लोट आला आणि इंजिन लागलं. रस्त्यावर टाळ्या पडल्या. धोंडीरामनं खिडकीतून हात बाहेर काढून विजयी मुद्रेनं हलवला आणि गाडी बायपासला लावली.

"बंद कर!" अप्पा धावत सुटले. चपला एकीकडे, कानटोपी एकीकडे. "धोंडीराम! बंद कर, बंद कर!"

लोकांना हे काही झेपेना. ज्याची गाडी बंद होती म्हणून इतकी माणसं घामाघूम झाली, तोच म्हातारा आता ती बंद कर म्हणून बोंबलत धावतो आहे. दोघांनी अप्पांना प्रेमानं धरलं, पानटपरीच्या बाकड्यावर बसवलं, एकानं पाणी दिलं, आणि एकानं मंडळातल्या एका कानटोपीवाल्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी कुणी हाय का ह्यांच्या? फोन लावता का?" हे सगळं अप्पांना स्वच्छ ऐकू येत होतं. ज्या गावात चाळीस वर्षं आपल्या टिचकीला मान होता, त्या गावात आपल्याला पाणी पाजून शांत करतात, हे बघून त्यांना रडावंसं वाटलं. खरंच वाटलं.

धोंडीराम वीस मिनिटांनी आला. "बॅटरी चांगली चार्ज करून आणली," त्यानं कौतुकानं सांगितलं.

"कापली का?"

"मागून धा माणसं, खाली असला रस्ता. गाडी कापली का रस्ता कापला, माणसानं काय समजायचं?"

हनुमानला शेवटी अप्पांची दया आली. त्यानं रोग न बघताच औषध केलं. प्लग बदलले, इंजिन जिथून हवा घेतं तिथला काजळीचा थर धुऊन काढला, दोन-चार वायरी पुसल्या, आणि संध्याकाळी गाडी परत दिली. "आता न्हाई कापायची, अप्पा," तो म्हणाला, आणि अप्पा फाटकाबाहेर गेल्यावर पुढं म्हणाला, "म्हणजे, बहुतेक."

रविवारी सकाळी अप्पांनी किल्ली फिरवली. गाडी कापली. सात मिनिटांऐवजी चारच मिनिटं कापली, आणि बंदही एकदाच पडली, हे कबूल केलं पाहिजे. पण शब्द "खोट न्हाई" असा दिला होता, "खोट निम्मी हाय" असा नव्हता. आणि या वेळी मात्र महानंदाबाई वेळेत बाहेर आल्या होत्या. त्यांनी थरथरणारं बॉनेट बघितलं, खाली पडलेला नंदी बघितला, आणि पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "अगं बया! खरंच की."

अप्पांना वाटलं होतं, बायकोनं पाहिलं की आपण जिंकलो. प्रत्यक्षात त्यांना काहीच वाटलं नाही. आता खोट दोघांना ठाऊक झाली होती, एवढाच फरक.

"कुणाला बोलू नका," महानंदाबाई म्हणाल्या. "सोमवारचा मुहूर्त तेवढा निभू द्या. पुढचं पुढं बघू." आणि त्या धोंडीरामच्या घराकडे गेल्या. कशाला, ते अप्पांनी विचारलं नाही.

संध्याकाळी व्याही केदारनाथ आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. बरोबर स्वप्नाली होती. आरोहीला तिच्या बापाजवळ, संगमेश्वरजवळ ठेवून आली होती. गप्पा झाल्या, हुरडा झाला. स्वप्नालीनं आरोहीच्या शाळेचे किस्से सांगून सगळ्यांना हसवलं. केदारनाथ चारदा म्हणाले, "अप्पा, तुमच्या हातची गाडी म्हणजे डोळे मिटून घ्यायची." चारही वेळा अप्पांनी पाणी मागितलं.

सोमवारी सहा वाजून तीस मिनिटांनी सगळे अंगणात उभे होते. थंडी मी म्हणत होती. महानंदाबाईंच्या हातात आरतीचं ताट, मुक्ताबाई, धोंडीराम, ज्येष्ठांच्या मंडळातले तिघं. स्वप्नाली शाल गुंडाळून पायरीवर बसली होती. गाडीवर मुक्ताबाईंची वाकळ होती. अप्पांनी गाडीला विभूती लावली, आत बसले, महादेवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. कापलं नाही. काटा जागचा हलला नाही. नंदी शांतपणे पुढं बघत राहिला. पहिल्या सेकंदापासून गाडी अशी चालली जशी ती गेला आठवडाभर फक्त परक्यांपुढं चालत होती.

"वा!" केदारनाथ म्हणाले. "ह्याला म्हणावं आवाज."

अप्पा गोंधळले. खाली उतरले. वाकळीखाली हात घातला आणि झटकन काढला. बॉनेट चांगलं चटका बसण्याइतकं तापलेलं होतं. त्यांनी धोंडीरामकडे बघितलं. धोंडीराम आभाळाकडे बघत होता. महानंदाबाई ताटातलं निरांजन, ते नीट जळत असतानाही, नीट करत होत्या.

"आणा अप्पा," केदारनाथांनी हात पुढं केला. "मुहूर्त झाला. द्या चावी."

नुसती चावी द्यायची होती. सरकारचा शिक्का होता, मेकॅनिकचा शब्द होता, इंजिन सगळ्यांच्या देखत लोण्यासारखं चाललं होतं. आणि अप्पांनी मूठ मिटून घेतली.

"चावी देत न्हाई," ते म्हणाले.

महानंदाबाईंनी डोळे मिटले. मंडळातला एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसून "मी म्हणलं नव्हतं?" असं पुटपुटला.

"केदारअप्पा, तुमाला वाटंल, म्हाताऱ्याचं मन अडकलंय गाडीत. अडकलंय, खोटं कशाला बोलू? पण ते कारण न्हाई. ह्या गाडीत खोट हाय. गार असताना चार मिनिटं कापती, एखाद्या बारीला बंद पडती. आज कापली न्हाई, कारण हिला कुणीतरी आधीच गरम करून ठेवलीय. मी न्हाई."

"मी केली," धोंडीराम हळूच म्हणाला. "तुमी अंघोळीला गेलता तवा. वहिनी म्हणल्या."

"मी तुमाला शब्द दिलता," अप्पा म्हणाले. "चार माणसांत दिलता. गिऱ्हाईकाला कधी बद्द पातेलं दिलं न्हाई, आन् लेकीच्या घरी... ती सातला पोरीला घेऊन त्या रस्त्यानं जाणार, केदारअप्पा. मला माफ करा. ही गाडी तुमी नेऊ नका."

केदारनाथांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना पायरीपासून चार पावलं लांब नेलं. आवाज अगदी खाली आणला.

"अप्पा, सोयरीक जमली तवाबी तुमी शब्द दिलता. 'पोरीत काही खोट न्हाई.' ध्यानात हाय?"

"हाय," अप्पा म्हणाले. त्यांना काहीच उमजेना.

"लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी तिला इचारलं, सूनबाई, झोप लागली का? तिनं माझ्याकडं असं बगितलं, अप्पा, असं बगितलं, की मी तसाच मागं सरलो आन् देवघरात जाऊन बसलो. संगमेश्वर तर आठ दिवस अंघोळ झाल्याबिगर तोंड उघडत नव्हता. आमाला वाटलं, पोरीला घर पसंत न्हाई. मंग हळूहळू कळलं. उठल्यापासून चहा होईस्तोवर तिला कुणी काही बोलायचं न्हाई, काही इचारायचं न्हाई. चहा झाला की दिवसभर सगळं घर तीच चालवती. सहा वर्षं झाली. आणून सोडली का आमी तिला तुमच्या दारात?"

अप्पांनी पायरीकडे बघितलं. सव्वीस वर्षं ही पोरगी त्यांच्या घरात वाढली होती. या घरात सगळे पाचला उठून आपापला चहा घेऊन मग बाहेर येत, त्यामुळे हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आज मात्र मुहूर्ताच्या गडबडीत चहा टाकायचा राहून गेला होता. स्वप्नाली शालीतून फक्त डोळे बाहेर काढून बसली होती आणि त्या डोळ्यांपुढं उभं राहायची मंडळातल्या कुणाची छाती नव्हती.

"आमी गाडीबी सकाळी धा मिनिटं आधी लावून ठेवू," केदारनाथ म्हणाले. "आमच्या घरी सगळ्यांना सवय हाय."

"बाळा," अप्पा पायरीकडे वळले, "हे मामंजी म्हणतात ते—"

केदारनाथांनी चटकन त्यांचा हात धरला. "अप्पा, आत्ता न्हाई! आत्ता न्हाई!"

महानंदाबाई ताट मुक्ताबाईंच्या हातात देऊन आत धावल्या. त्यानंतर दहा मिनिटं त्या अंगणात कुणीही एक शब्द बोललं नाही. गाडी चालू होती, तेवढाच आवाज होता. चहा आला. स्वप्नालीनं दोन्ही हातांत कप धरून तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला. मग कप खाली ठेवला, शाल सावरली, सगळ्यांकडे बघून हसली आणि उठून बापाजवळ आली.

"अप्पा, असे कावून उभे राहिलाव सगळे? आणा ना चावी. आरोही वाट बघत असंल."

अप्पांनी तिला चावी दिली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले, आणि त्यांच्या मनातला सात दिवसांचा सगळा गोंधळ एकदाचा निवला. मग ते आत आले आणि त्यांनी महानंदाबाईंना विचारलं, की लग्नाच्या आधी हे आपल्याला माहीत होतं का. महानंदाबाई म्हणाल्या, आधी मला माझा चहा घेऊ द्या.